शेडच्या आत पाऊस पडतो का? (बीमफॉर्मिंग, २६ गिगाहर्ट्झ आणि मध्येच थांबणारी क्रेन)

शेड_नंबर_चार | १४ जून, रात्री १०.५२

मंडळी, तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण डोक्याचा पार भुगा झालाय. गोव्यात वेर्ण्याला एका फॅब्रिकेशन कंपनीत मेंटेनन्स बघतो (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी हवी आहे). शेड ८० मीटर लांब, २४ मीटर रुंद, वर ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर शेडभर फिरणारी विजेची). मालकांच्या डोक्यात आलं की ऑपरेटरला वर उकाड्यात केबिनमध्ये कशाला बसवायचं, खाली एसी रूममधून जॉयस्टिकवर चालवू. क्रेनवर चार कॅमेरे लावले आणि एका ऑपरेटर कंपनीकडून ट्रायलसाठी २६ गिगाहर्ट्झचं प्रायव्हेट फाइव्हजी (फक्त आमच्या शेडपुरतं) घेतलं. अँटेनाचं पॅनेल लांबीच्या भिंतीवर बरोबर मधोमध, क्रेनवर रिसीव्हरचा डबा. जॉयस्टिकचे पॅकेट ५० मिलिसेकंद आले नाहीत तर वॉचडॉग क्रेन थांबवतो, ते सेफ्टीसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही.

मे महिन्यात सगळं झकास होतं. जून लागला आणि क्रेन दिवसाला पाच-सहा वेळा गचकन थांबायला लागली, खाली लटकलेली प्लेट झोपाळ्यासारखी हलते आणि पोरं शिव्या घालतात. व्हेंडरचा माणूस येतो, लॅपटॉप उघडतो, म्हणतो सर ॲव्हरेज लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) तीन मिलिसेकंद आहे, बघा, ग्रीन आहे. आणि मग म्हणतो पाऊस आहे ना सर, हाय फ्रिक्वेन्सी पावसात जाते. खरंच पाऊस आहे का हो? बीमफॉर्मिंग बीमफॉर्मिंग म्हणून जे विकलं ते नक्की करतं काय?

माडाखालचा | १४ जून, रात्री ११.१५

पाऊसच मरे. पर्वरीला माझ्या घरी तो वायरलेस ब्रॉडबँडचा डबा बाल्कनीत बसवलाय, वारापाऊस सुरू झाला की गेलं. मॅच बघताना नेमका शेवटच्या ओव्हरला जातो.

नुस्त्याची_कढी | १४ जून, रात्री ११.४०

फायबर टाका. विषय संपला. (मी सॉफ्टवेअरवाला, मला हवेतून काही पाठवायचं म्हटलं की धडकी भरते.)

शेड_नंबर_चार | १५ जून, सकाळी ७.०५

@कढी, क्रेन चालते हो, भिंतीत गाडलेली नाही. फेस्टूनची (क्रेनबरोबर घड्या घालत सरकणारी) केबल आहेच, पण ती वाकून वाकून आतून तुटते आणि कुठे तुटली ते शोधण्यात अर्धा दिवस जातो. म्हणून तर हा उपद्व्याप.

जुना_टॉवर | १५ जून, सकाळी ९.३०

रिटायर्ड माणूस आहे, सकाळी वेळच वेळ असतो. आयुष्य मायक्रोवेव्हच्या डिशा डोंगरावर चढवण्यात गेलं, डिश दोन बोटं सरकवायची आणि मीटरवाला खालून ओरडायचा, "चडलां, चडलां, आतां देंवलां" (वाढलं, वाढलं, आता उतरलं). तुमचं बीमफॉर्मिंग म्हणजे तेच, फक्त नटबोल्ट न फिरवता.

पहिलं एक समजून घ्या. २६ गिगाहर्ट्झची लहर ११.५ मिलिमीटरची, ३.५ गिगाहर्ट्झची साडेआठ सेंटीमीटरची. लोक म्हणतात वरची फ्रिक्वेन्सी हवेत विरते. तसं नाही. तेवढ्याच अंतरावर साधारण १७ डेसिबल म्हणजे पन्नास पटींहून कमी सिग्नल मिळतो हे खरं, पण तो हवेनं खाल्लेला नसतो, लहर लहान म्हणून अँटेनाही लहान, आणि लहान अँटेना कमी वेचतो. पागोळीखाली वाटी धरली आणि घमेलं धरलं एवढाच फरक. मग उपाय काय, तर वाट्या पुष्कळ ठेवायच्या. अर्ध्या लहरीच्या अंतरानं, म्हणजे पावणेसहा मिलिमीटरवर एकेक, १६ बाय १६ असे २५६ अँटेना मांडले तरी सगळं मिळून तळहाताएवढं होतं. ३.५ ला तेवढेच मांडायला खिडकीएवढा पत्रा लागेल.

अवांतर: ह्यात नवीन काही नाही हो. जगदीशचंद्र बोस १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये असल्याच मिलिमीटर लहरींनी घंटा वाजवत होते, आणि अनेक अँटेनांना वेगवेगळा फेज देऊन लहर एका दिशेला ढकलायचं काम ब्राउननं १९०५ मध्ये जर्मनीत तीन अँटेनांवर करून दाखवलं. आपल्याकडे हा २६ चा पट्टा २०२२ च्या लिलावात गेला.

पावसाचं मॅडम सांगतील, त्या येतीलच.

फर्मागुडीची_मास्तरीण | १५ जून, दुपारी १.२०

काका, आले. डबा खाता खाता लिहितेय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

शेड_नंबर_चार, आधी एक साधा प्रश्न. तुमच्या शेडच्या आत पाऊस पडतो का?

२६ गिगाहर्ट्झला ताशी ५० मिलिमीटर म्हणजे आपल्याकडचा चांगला धो धो पाऊस पकडला तर किलोमीटरला साधारण ८ डेसिबल जातात. म्हणजे २०० मीटरच्या लिंकला दीड-दोन डेसिबल. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडत असला तरी एवढ्यानं लिंक मरत नाही. आणि तुमचं पॅनेल आत, क्रेन आत, वर पत्रा. गळत असेल तर वेगळी गोष्ट.

@माडाखालचा, तुमचंही पाऊस नाही. एक, डब्याच्या तोंडावर पाण्याचा थर बसतो, तो पातळ थर अख्ख्या रस्त्यातल्या पावसापेक्षा जास्त खातो. दोन, समोर माड आहे का? (नावावरून वाटतं आहे.) ओली झावळी वाऱ्यात हलली की बीमच्या आड येते आणि जाते. सिग्नल धडाधड वरखाली.

आता बीम म्हणजे काय. शिगम्यात आठ ढोलवाले रस्त्यावर आडवे एका रांगेत उभे आहेत, एकमेकांपासून मीटरभर. सगळ्यांनी एकदम टिपरी मारली तर समोर लांब उभा असलेल्याला एकच दणका ऐकू येईल. पण रांगेच्या टोकाला रस्त्याच्या कडेला जो उभा आहे त्याला जवळचा ढोल आधी, पुढचा तीन मिलिसेकंदांनी, त्याच्या पुढचा आणखी तीन मिलिसेकंदांनी, म्हणजे दणका नाही, फरफट. आता त्या कडेच्या माणसाला दणका ऐकवायचा असेल तर? सगळ्यात लांबच्यानं आधी मारायची, त्याच्या शेजाऱ्यानं तीन मिलिसेकंद थांबून, असं करत करत जवळच्यानं शेवटी. ढोलवाले जागचे हलले नाहीत, पण आवाजाचं तोंड फिरलं. अँटेनाचं तेच, फक्त थांबायचं ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही शंभराव्या भागात. ३० अंशांवर बीम वळवायला २६ गिगाहर्ट्झला शेजाऱ्यापेक्षा पाव लहर उशीर, म्हणजे दहा पिकोसेकंदांच्या आसपास.

१६ च्या रांगेनं साधारण ६ अंशांचा झोत मिळतो. दिशा जुळली तर पैसे वसूल, चुकली तर शेजारी उभं राहूनही काही नाही. तुमचं दुखणं इथे आहे, लेटन्सीत नाही.

मला तीन गोष्टी सांगा. क्रेन थांबते तेव्हा ती शेडमध्ये कुठे असते? मेमध्ये आणि जूनमध्ये पावसाशिवाय काय बदललं? लाँग ट्रॅव्हलचा (शेडच्या लांबीनं पळण्याचा) स्पीड किती?

सेम_सहावा | १५ जून, दुपारी ३.४८

मॅडम दंडवत, क्लासमध्ये स्टीअरिंग व्हेक्टर म्हणून फळ्यावर लिहिलं ते आज ढोलामुळे कळलं. एक डाउट, ॲनालॉग, डिजिटल आणि हायब्रिड बीमफॉर्मिंग ह्यात व्हायव्हाला काय सांगायचं

फर्मागुडीची_मास्तरीण | १५ जून, दुपारी ४.१०

व्हायव्हाला पुस्तकातलं सांग. इथे खरं सांगते. डिजिटलमध्ये प्रत्येक अँटेनामागे स्वतःचा पूर्ण रेडिओ आणि कन्व्हर्टर, त्यामुळे एकाच वेळी पाच जणांकडे पाच बीम, शिवाय ज्याचा त्रास होतो त्या दिशेला खड्डा पाडता येतो (तिकडचा सिग्नल दाबता येतो). ३.५ गिगाहर्ट्झचे ६४ रेडिओवाले पॅनेल तसे असतात. २६ ला २५६ अँटेनांमागे २५६ कन्व्हर्टर लावले तर पॅनेलवर भाकरी भाजता येईल. म्हणून ॲनालॉग, एकच रेडिओ आणि पुढे फेज शिफ्टर (प्रत्येक अँटेनाला तो ढोलासारखा उशीर देणारे), पण मग एका वेळी एकच दिशा. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. हायब्रिड म्हणजे दोन-चार रेडिओ आणि बाकी फेज शिफ्टर, बाजारात बहुतेक हेच. आणि हे लेटन्सीसाठी महत्त्वाचं आहे, कारण हवेतून किलोमीटर जायला लहरीला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, उशीर कधीच तिथे होत नाही. उशीर होतो रांगेत, आणि हरवलेला पॅकेट परत पाठवण्यात, आणि सगळ्यात जास्त हरवलेला बीम शोधण्यात.

शेड_नंबर_चार | १५ जून, रात्री ९.२०

मॅडम, तुम्ही विचारल्यावर ट्रिपचा (क्रेन थांबल्याचा) लॉग काढला आणि स्वतःलाच चपराक मारावीशी वाटली.

थांबते ती जवळजवळ नेहमी दोन्ही टोकांना, दरवाजांजवळ. मला वाटायचं दरवाजातून पावसाचे तुषार येतात म्हणून. मधल्या भागात एकदाही नाही. आणि मेमध्ये काय वेगळं होतं तर पूर्वेकडच्या टोकाला फ्लोअरिंगचं काम चालू होतं आणि पश्चिमेला माल रचलेला, त्यामुळे क्रेन मधल्या तीस-पस्तीस मीटरांतच फिरायची! जून लागला आणि पूर्ण लांबी मोकळी झाली. पाऊस आणि ते एकाच आठवड्यात झालं. स्पीड मिनिटाला ४० मीटर.

नुस्त्याची_कढी | १५ जून, रात्री ९.३५

मग क्रेन पळते म्हणून बीम मागे राहतो. सोप्पंय.

फर्मागुडीची_मास्तरीण | १५ जून, रात्री १०.३०

कढी, गणित करू. मिनिटाला ४० मीटर म्हणजे सेकंदाला ६७ सेंटीमीटर. १२ मीटरवर ६ अंशांचा झोत साधारण सव्वा मीटर रुंद. म्हणजे एका बीममधून बाहेर पडायला क्रेनला जवळपास दोन सेकंद. स्टेशन (म्हणजे तुमचं पॅनेल) २० मिलिसेकंदांनी सगळ्या दिशांना एक फेरी मारतं (२६ च्या पट्ट्यात जास्तीत जास्त ६४ बीम, एकामागून एक, पाच मिलिसेकंदांच्या आत), तेवढ्यात क्रेन दीड सेंटीमीटरही सरकत नाही. क्रेन म्हणजे बीमच्या दृष्टीनं म्हैस आहे. उलट गंमत बघा, जितकं जवळ तितका झोत अरुंद, त्यामुळे वेगाचा त्रास व्हायचा तर मधोमध व्हायला हवा होता. टोकाला होतोय.

आता कागद घ्या. पॅनेल भिंतीच्या मध्यावर, डबा शेडच्या मधल्या रेषेवर म्हणजे १२ मीटर आत. क्रेन टोकाला गेली की ४० मीटर बाजूला. कोन? ७३ अंश. असली सपाट पॅनेल दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंतच नीट वळतात. ६० ला झोत दुप्पट जाड होतो आणि जोर निम्म्याहून खाली येतो, त्यापुढे तर बोलूच नका. तुमच्या शेडमध्ये ६० अंश म्हणजे मध्यापासून २१ मीटर. दोन्हीकडचे शेवटचे १९-१९ मीटर तुम्ही डोळ्याच्या कोपऱ्यातून बघताय. तिथे सिग्नल आधीच काठावर, मग ट्रक आला, प्लेट आडवी फिरली, की गेला. साधा माणूस आड आला तरी ह्या फ्रिक्वेन्सीला वीस-तीस डेसिबल जातात, इथे तर लोखंड.

आणि बीम गेला की काय होतं ते ॲव्हरेजमध्ये दिसत नाही. डबा आधी दोन-चार वेळा मोजतो की खरंच गेला का, मग दुसरा बीम शोधतो, मग स्टेशनला हाक मारतो, मग उत्तर. ह्यात २० मिलिसेकंदांच्या एक-दोन फेऱ्या गेल्या की तुमचे ५० संपले. व्हेंडरला सांगा ॲव्हरेज नको, लाखात किती पॅकेट उशिरा आले ते दाखव. फाइव्हजीचं जे एक मिलिसेकंदाचं गाणं गातात ते ध्येय ३२ बाइटच्या पॅकेटसाठी आणि लाखात ९९,९९९ वेळा असं आहे, आणि तेही फक्त हवेतला भाग. चार कॅमेऱ्यांचं व्हिडिओ कॉम्प्रेशन त्यात धरलेलं नाही.

जुना_टॉवर | १६ जून, सकाळी ८.००

म्हणजे जागा चुकली. आमच्या वेळी साइट सर्व्हेला दोन दिवस घालवायचो. आता गूगल मॅप बघून बसवतात.

शेड_नंबर_चार | १६ जून, रात्री ८.४५

व्हेंडर म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट येतंय, बीम मॅनेजमेंट सुधारलंय, त्यानं होईल. पॅनेल हलवायला तयार नाही, त्याचे वेगळे पैसे. समोरच्या भिंतीच्या पत्र्यावरून परावर्तन घेऊन दुसरा बीम तयार ठेवता येईल का? सगळी शेड पत्र्याची आहे, फुकटचा आरसा.

फर्मागुडीची_मास्तरीण | १६ जून, रात्री ११.०५

करून बघा, कल्पना चांगली आहे. एक बीम चालू असतानाच दुसरा मोजून ठेवलेला असला की शोधाशोध वाचते, भरवसा असाच येतो. डब्याच्या सेटिंगमध्ये कँडिडेट (राखीव) बीम किती ते बघा.

शेड_नंबर_चार | २४ जून, रात्री १०.१०

केलं. अर्धवट चाललं. ट्रिप कमी झाल्या पण गेल्या नाहीत, आणि परावर्तित बीम क्रेन हातभर सरकली की बदलतो, कधी मस्त, कधी शून्य.

फर्मागुडीची_मास्तरीण | २५ जून, दुपारी १.१५

चूक माझी. पत्रा पन्हळीचा आहे ना? मी डोक्यात सपाट आरसा धरला. पन्हळ दोन-तीन सेंटीमीटर खोल, लहर एक सेंटीमीटरच्या जरा वर. तिच्या दृष्टीनं तो आरसा नाही, खडकाळ किनारा आहे, लाट चारी दिशांना फुटते. साडेआठ सेंटीमीटरच्या लहरीला तोच पत्रा बऱ्यापैकी गुळगुळीत वाटला असता. मुलांना दर वर्षी हे शिकवते आणि स्वतः विसरले.

मग आता सरळ उपाय. पॅनेल लांबीच्या भिंतीवरून काढा आणि दोन्ही टोकांच्या गेबलवर (आखूड भिंतींवर) एकेक लावा, क्रेनच्या पुलाच्या वरच्या उंचीला, एकमेकांकडे तोंड करून. डब्याला पुढे एक मागे एक अँटेना. क्रेन कुठेही असो, दोन्ही पॅनेलना ती जवळजवळ नाकासमोर दिसते, कोन बदलतच नाही. माल पुलाखाली लटकतो, तो मध्ये येत नाही. आणि जॉयस्टिकचा प्रत्येक पॅकेट दोन्हीकडून पाठवा, जो आधी येईल तो घ्या. व्हिडिओ दोनदा पाठवायची गरज नाही, जॉयस्टिकचे पॅकेट चिमूटभर असतात.

सेम_सहावा | २५ जून, दुपारी २.०२

म्हणजे एक लिंक हजारात एकदा फेल होत असेल तर दोन्ही एकदम फेल व्हायचा चान्स दहा लाखात एक?

फर्मागुडीची_मास्तरीण | २५ जून, दुपारी २.३०

दोघांचं मरण वेगळं असेल तरच. दोन्ही पॅनेल एकाच खांबावर लावली तर एकच ट्रक दोघांना झाकतो, मग दोन असून एकच. तो गुणाकार करण्याआधी काय काय सामायिक आहे ते शोध, परीक्षेत नाही विचारणार पण नोकरीत विचारतील.

माडाखालचा | २५ जून, संध्याकाळी ६.५०

माझ्या डब्याचं कोणीतरी बघा हो. समोर माड आहे, बरोब्बर. कापायचा का? शेजाऱ्याचा आहे.

जुना_टॉवर | २५ जून, संध्याकाळी ७.१५

बाबा रे, गोव्यात शेजाऱ्याच्या माडाला हात लावलास तर कोर्टात तारखा घेत म्हातारा होशील. डबा बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ने, दोन मीटर सरकला तरी झावळी आड येणार नाही. आणि वर छोटंसं छप्पर कर, तोंडावर पाणी बसायला नको.

शेड_नंबर_चार | १९ जुलै, रात्री ९.००

अपडेट. मालकांना कागदावर ७३ अंशांची आकृती काढून दाखवली, ते स्वतः जुने फिटर, पाच मिनिटांत पटलं, व्हेंडरशी त्यांनीच भांडण केलं. दोन्ही गेबलवर पॅनेल लागली. गेले अकरा दिवस एकही ट्रिप नाही, आणि पाऊस कसला पडतोय ते तुम्ही बघताय.

म्हणजे नव्हती, काल संध्याकाळपर्यंत. काल ४.२० ला क्रेन थांबली, दोन्ही लिंक एकदम गेल्या. तासभर बीम, कोन, लॉग सगळं बघत बसलो. शेवटी इलेक्ट्रिशियन आला आणि म्हणाला साहेब, एमसीबी पडलाय. दोन्ही पॅनेलचा सप्लाय एकाच एमसीबीवरून काढला होता. मीच काढला होता.

नुस्त्याची_कढी | १९ जुलै, रात्री ९.०४

लोल. फायबर टाका.

फर्मागुडीची_मास्तरीण | १९ जुलै, रात्री ९.४०

सेम_सहावा, वाचतोयस ना?

सेम_सहावा | १९ जुलै, रात्री ९.४२

हो मॅडम. नेटवर्क स्विचही एकच आहे का ते विचारा

शेड_नंबर_चार | १९ जुलै, रात्री १०.१५

...एकच आहे. उद्या बदलतो.

माडाखालचा | २० जुलै, सकाळी ७.३०

डबा सरकवला. काल अख्खी मॅच बघितली. हरलो.